कॅप्टन कुमुदमावशी : तीन मेडलं, एक अल्बम आणि दहा रुपयांचा अर्ज

सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसांची घरं नाशिकरोड-देवळालीकडे गल्लोगल्ली आहेत. त्यातल्या कित्येक घरांत जुने फोटो आणि मेडलं कपाटात पडून असतात आणि ज्याची ती असतात तो माणूस गेला की पुढच्यांना काही सुधरत नाही. आमच्याकडे तेच झालं. फरक एवढाच की आमच्याकडे सैन्यात होती ती बाई. त्यामुळे कागदांचा गोंधळ दुप्पट. साधारण वर्षभर हे चाललं. कुणाला उपयोग होईल म्हणून क्रमाने लिहून काढते.

कुमुदमावशी आईची थोरली बहीण. पुण्याला ससूनमध्ये नर्सिंग शिकली आणि १९६८ मध्ये मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती वारली. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, आधीच गेले होते, मूलबाळ नव्हतं. मे २०२३ मध्ये जेल रोडवरचं घर रिकामं करायला घेतलं, तेव्हा कपाटात नऊवारीच्या घडीखाली एक फोटोंचा अल्बम निघाला आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, पुरुषी हातरुमालात गुंडाळलेली तीन मेडलं. सोबत थोडी अंतर्देशीय पत्रं. पत्त्याच्या जागी फक्त ‘९९ एपीओ’. पूर्वेकडच्या लष्करी टपालाचा हा पत्ता. ती नेमकी कुठे आहे हे आजोबांनाही कळायचं नाही.

घरात तिच्याबद्दल एकच वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं : ‘कुमुद मिलिटरीत नर्स होती.’ धाकटे मामा तर म्हणाले, “अगं, नर्स म्हणजे काय लढायला गेली होती का? दवाखान्यातच ना?” त्यांच्याशी वाद घालायला माझ्याकडे तेव्हा काहीच नव्हतं. ते हाताशी यावं म्हणून या उद्योगात पडले, हे खरं कारण.

आईने डबा बघितल्याबरोबर चिंच भिजत घातली. मेडलं काळवंडली होती आणि तिला ती दिवाळीच्या समयांसारखी लख्ख हवी होती. चिंच तशीच वाटीत राहिली, कारण शेजारचे सुभेदारकाका नेमके त्या वेळी आले आणि दारातूनच ओरडले, “वहिनी, हात लावू नका! कड बघितली का आधी?” मेडलच्या कडेवर, जिथे आपण नाण्याच्या रेघा बघतो तिथे, नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं. घासून घासून ते झिजतं. काळेपणा राहू दे, अक्षरं जाऊ देऊ नका. मऊ सुती कापडाने धूळ पुसायची आणि थांबायचं. मेडल हातात धरायचं तेही कडेला, तोंडावर बोट न टेकवता, कारण घामाचे ठसे धातूवर बसतात.

घड्याळजीकडे असतं तसलं डोळ्याला लावायचं भिंग आणलं. पहिल्या मेडलवर अशोकस्तंभ आणि देवनागरीत ‘संग्राम मेडल’. मेडल आडवं धरून खिडकीच्या उजेडात हळूहळू फिरवलं, तशी अक्षरं एकेक करून वर आली : एनआर, मग आकडे, मग लेफ्टनंट, मग मावशीचं माहेरचं नाव. सुभेदारकाकांनी सांगितलं, एनआर म्हणजे नर्सिंग सर्व्हिसमधल्या कायम कमिशनचा, म्हणजे कायमच्या अधिकारी नेमणुकीचा, नंबर. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांचा, म्हणजे ठरावीक वर्षांपुरत्या नेमणुकीवाल्यांचा, एनएसने सुरू होतो. दुसरं मेडल स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं, १५ ऑगस्ट १९७२ रोजी जे सेवेत होते त्यांना दिलेलं. त्यावरही तोच नंबर. तिसरं, नऊ वर्षांच्या सेवेचं. त्याची कड कोरी.

“हे बाजारातलं आहे,” सुभेदारकाका म्हणाले. मला धक्काच बसला. पण त्यात लपवाछपवी काही नाही म्हणे. मेडल मंजूर होतं, रिबन लावायला परवानगी मिळते, आणि सरकारी टांकसाळीतलं खरं मेडल यायला वर्षं जातात. परेडला छाती मोकळी दिसू नये म्हणून माणसं दुकानातून तसंच विकत घेऊन लावतात. त्यावर नाव नसतं, एवढाच फरक. म्हणजे मावशीचं खरं मेडल एक तर तिच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं, नाहीतर हरवलं होतं.

संग्राम मेडल हे १९७१ च्या युद्धाचं. त्याची व्याख्या वाचल्यावर मामांना द्यायचं अर्धं उत्तर मिळालं. ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात जम्मू-काश्मीर, पंजाब, राजस्थान, गुजरात, पश्चिम बंगाल, आसाम, मेघालय, मिझोराम, त्रिपुरा अशा ठरावीक भागांत जे सेवेत होते त्यांना ते मिळालं. घरी बसून ते मिळत नाही. आणि नर्सिंग सर्व्हिसचं म्हणाल, तर २८ मार्च १८८८ रोजी दहा प्रशिक्षित ब्रिटिश नर्स मुंबई बंदरात उतरल्या तिथून तिची सुरुवात धरतात. १ ऑक्टोबर १९२६ रोजी इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस उभी राहिली आणि १९४३ च्या अध्यादेशाने या बायका कमिशन मिळालेल्या अधिकारी झाल्या. आमची मावशी सिस्टर होतीच, पण खांद्यावर तारे असलेली.

आता उरलेलं अर्धं उत्तर हवं होतं : ती त्या काळात नक्की होती कुठे.

जुलैमध्ये जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेले. तिथल्या गृहस्थांनी नीट ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, “पेन्शनचा पीपीओ नंबर?” म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशाचा नंबर. मावशीला पेन्शन नव्हतीच. अकरा वर्षांत ती बाहेर पडली होती. डिस्चार्जचा कागद, ओळखपत्र, काहीच हाती नव्हतं. “मग मॅडम, इथे नोंद असणार नाही. पण नंबर आहे ना, मग लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा, किंवा सरळ माहितीच्या अधिकारात मागा. अर्ज आईंच्या नावाने करा, तुमच्या नको. सख्खी बहीण म्हटल्यावर वजन वेगळं.” हा सल्ला शंभर नंबरी निघाला. भाची, पुतण्या, नातू यांनी मागितलं की ‘तुम्ही कोण’ इथूनच सुरुवात होते.

केंद्र सरकारचं माहिती अधिकाराचं ऑनलाइन पोर्टल आहे, तिथे ऑगस्टमध्ये आईच्या नावाने अर्ज भरला. विभागांच्या यादीत भारतीय लष्कर निवडलं. मजकुराला तीन हजार अक्षरांची मर्यादा आहे, पण पुरते. फी दहा रुपये, यूपीआयने जाते. अर्जात पाल्हाळ लावू नका. मी चार गोष्टी मागितल्या : सेवेत आल्याची आणि बाहेर पडल्याची तारीख, नेमणुकांची ठिकाणं, मंजूर मेडलं, आणि त्यातली प्रत्यक्ष दिलेली कोणती. सोबत मेडलच्या कडेचा जवळून काढलेला फोटो आणि मृत्यू दाखला जोडला. अर्ज चुकीच्या टेबलावर पडला तरी घाबरायचं कारण नाही. कलम ६(३) प्रमाणे तो योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचंच काम, आणि तसा तो गेलाही.

सप्टेंबरअखेर उत्तर आलं : वैयक्तिक माहिती असल्याने कलम ८(१)(जे) खाली देता येत नाही. आई म्हणाली, “सोड आता. गेलेल्या माणसाचं कशाला उकरायचं?” खरं सांगते, मलाही कंटाळा आला होता. एखाद्याच्या नोकरीची फाइल कुणालाही सहज मिळू नये, हेही पटत होतं. पण त्याच कायद्यात थोडं खाली कलम ८(३) आहे. अर्जाच्या तारखेआधी वीस वर्षांपेक्षा जुन्या घटनांची माहिती दिली पाहिजे असं ते म्हणतं. अपवाद फक्त तीन : देशाची सुरक्षा वगैरे, संसदेचा किंवा विधिमंडळाचा हक्कभंग आणि मंत्रिमंडळाचे कागद. १९६८ ते १९७९ मधली नर्सची बदली यात कुठेच बसत नाही. पहिलं अपील तीस दिवसांच्या आत करायचं असतं, त्याला फी नाही, त्याच पोर्टलवर होतं. अपिलात हे कलम, अर्जदार सख्खी बहीण आहे ही बाब आणि मावशी हयात नाही हे, एवढंच लिहिलं. शक्य तेवढं थंड डोक्याने. रागाचा पहिला मसुदा मी रात्री लिहिला होता, तो सकाळी खोडला.

अपीलाचं उत्तर येईपर्यंत हातात अल्बम होता. पावसाळ्यात मी तो उघडलाच नव्हता. ऐंशीच्या दशकात त्या चिकट पानांच्या, वर प्लॅस्टिक असलेल्या अल्बमची टूम निघाली होती, तसला. मावशीने जुने सगळे फोटो हौसेने त्यात लावलेले. तो गोंद फोटो खातो. दमट हवेत ओढायला गेलं तर कागदाचा पापुद्राच निघतो. दिवाळीत हवा कोरडी झाल्यावर डेंटल फ्लॉस फोटोखाली सरकवून, करवतीसारखा हळूहळू ओढत एकेक फोटो सोडवला. जो सुटत नव्हता त्याचं आख्खं पान कापून ठेवलं. मेन रोडवरच्या एका स्टुडिओत स्कॅनिंगचे फोटोमागे तीस रुपये सांगितले. मग भावाचा स्कॅनर उचलून आणला आणि घरीच केले, सहाशे डीपीआयवर. लॅमिनेशन करून घेऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. आणि मागे काही लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला.

मागच्या बाजूचेही स्कॅन घ्या. मावशीने निळ्या शाईत तिथे बरंच लिहून ठेवलं होतं. एक फोटो आहे : लांबलचक व्हरांडा, खाटा ओळीने उन्हात आणून ठेवलेल्या, एका खाटेवर बसलेला जवान, उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. मावशी शेजारी पांढऱ्या गणवेशात, हातात ट्रे, छातीवर उलटं लटकवलेलं नर्सचं घड्याळ. कुणीतरी हसवलंय, पण तिचं लक्ष ट्रेमधल्या सिरिंजकडे. मागे लिहिलंय : “कलकत्ता, डिसें. ७१. बेड ११. सोलापूरकडचा. मराठी ऐकून उठून बसला.” मोठा करून बघितला तेव्हा खांद्यावर दोन तारे दिसले, म्हणजे लेफ्टनंट. दुसरा एक फोटो स्टुडिओतला, त्यावर काहीच लिहिलेलं नाही. पण खांद्यावर तीन तारे आणि छातीवर तीन रिबनी. नऊ वर्षांची रिबन १९७७ च्या आधी लागूच शकत नाही आणि १९७९ मध्ये तर ती बाहेर पडली. फोटोची तारीख अशी मेडलांवरून काढता येते. मला या कामात सगळ्यात मजा इथे आली.

नोव्हेंबरमध्ये अपिलाचा निकाल आला : नात्याचा आणि नावाचा पुरावा द्या, माहिती देऊ. नात्याचं सोपं होतं, दोघी बहिणींचे शाळा सोडल्याचे दाखले होते आणि एका जुन्या रेशनकार्डावर दोघींची नावं. नावाचं मात्र अवघड. लष्कराच्या कागदावर कुमुद, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. मृत्यू दाखल्यावर कुमुद, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. मधला दुवा कुठेच नाही. १९७९ चं लग्न, नोंदणी कुणी केली होती? आमच्या आयामावश्यांची नावं लग्नात मुळापासून बदलतात आणि सरकारी दप्तरात त्या दोन वेगळ्या बायका होऊन बसतात.

शेवटी वाचवलं लग्नपत्रिकेने. आजोबांच्या पोथ्यांत हळदीचं बोट लागलेली एक प्रत सापडली. वर गणपती, खाली ‘आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. कॅप्टन कुमुद’. तो ‘कॅप्टन’ आजोबांनी हट्टाने छापून घेतला होता म्हणे, व्याह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या तरी. पत्रिका हा काही कायदेशीर पुरावा नव्हे. पण तिच्यासोबत शंभराच्या स्टँपपेपरवर आईचं प्रतिज्ञापत्र केलं की दोन्ही नावांची व्यक्ती एकच. नाशिकला सीबीएस बसस्टँडजवळ कोर्टाबाहेर नोटरी मिळतात, सगळं मिळून चारशेच्या आत झालं. एक गोष्ट आवर्जून करा : प्रतिज्ञापत्रात दोन्ही नावं त्या त्या कागदावर जशी आहेत तशीच, स्पेलिंगसकट लिहून घ्या. सगळं स्पीड पोस्टने पाठवलं, पावती फाइलला लावली.

जानेवारी २०२४ मध्ये जाड पाकीट आलं. आत सेवेचा उतारा. कमिशन १९६८. मग ईशान्येकडची नेमणूक, ती ९९ एपीओवाली. मग १९७१ मध्ये कलकत्त्याचं कमांड हॉस्पिटल. नंतर दोन-तीन ठिकाणं, आणि शेवटी मिलिटरी हॉस्पिटल, देवळाली. मावशीचे यजमान काका नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेसमध्ये होते, तेव्हा ओळख कुठे झाली असेल याचाही अंदाज आला. मंजूर मेडलं तीन. नऊ वर्षांचं मेडल दिल्याची नोंद नाही. आणि खाली, सेवेतून मुक्त होण्याचं कारण : विवाह.

आम्ही समजत होतो की तिने संसारासाठी नोकरी सोडली. तसं नव्हतं. नर्सिंग सर्व्हिसच्या तेव्हाच्या नियमांत लग्न केलं की नोकरी संपायची. आईला विचारलं तर ती इतकंच म्हणाली, “तिने काकांना तीन वर्षं थांबवून ठेवलं होतं. आम्हाला वाटायचं, बाईचा तोरा आहे.” नंतर मावशी एका खासगी दवाखान्यात मेट्रन होती, साठीपर्यंत. सैन्याबद्दल कधी बोलली नाही.

त्यानंतर महिनाभरातच, फेब्रुवारी २०२४ मध्ये, पेपरात बातमी आली. नर्सिंग सर्व्हिसमधल्या एका अधिकारी बाईंना १९८८ मध्ये लग्न केलं म्हणून काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मनमानी ठरवला आणि त्यांना साठ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. तो नियम ज्या १९७७ च्या सूचनेत होता ती लष्कराने १९९५ मध्येच मागे घेतली होती. आईने बातमी दोनदा वाचली, कात्री मागितली, आणि कात्रण मावशीच्या फाइलमध्ये ठेवलं. मामांना फोनवर वाचूनही दाखवलं. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “फ्रेम करणार असाल तर खर्च माझ्याकडे.”

फ्रेमचं थोडक्यात सांगते. मेडलांसाठी खोलगट पेटीसारखी फ्रेम लागते, साधी चालत नाही. दुकानदार ग्लू गनने मेडलं चिकटवायला निघाला होता. तसं होऊ देऊ नका, रिबन कापडावर दोऱ्याने टाचून घ्या. क्रम उलटा लागता कामा नये : बघणाऱ्याच्या डावीकडे सगळ्यात वरच्या मानाचं, म्हणजे आमच्याकडे संग्राम, मग पंचविसाव्या वर्षाचं, मग नऊ वर्षांचं. रिबनी विरल्या होत्या. देवळाली कॅम्पात लष्करी सामानाच्या दुकानात नव्या मिळाल्या, जुन्या पाकिटात जपून ठेवल्या. फ्रेमला दोन हजार चारशे लागले. मूळ फोटो आत घातले नाहीत, चांगल्या कागदावरच्या प्रती घातल्या. भिंतही अशी निवडली की दुपारचं ऊन थेट येत नाही.

खरा वाद झाला खालच्या पट्टीवर. काकांच्या पुतण्याचं म्हणणं, सासरचं आडनाव हवं. मामांचं म्हणणं, माहेरचं. मी दोघांना मेडलची कड दाखवली. पट्टीवर वर कॅप्टन, कुमुद आणि कडेवरचं आडनाव, खाली बारीक अक्षरांत सासरचं, मग मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, १९६८–१९७९. कुणी फारसं नाराज नाही.

नऊ वर्षांच्या खऱ्या मेडलसाठी मे महिन्यात आईच्या सहीने अर्ज पाठवला आहे, सोबत उताऱ्याची प्रत, जिच्यात ते दिल्याची नोंद नाही असं त्यांनीच लिहिलंय. तोवर फ्रेममध्ये कोऱ्या कडेचं आहे. खरं आलं तरी ते बदलायचं का, यावर आई आणि माझं अजून एकमत नाही. मावशीने अंगावर लावलं ते हेच, असं आईचं म्हणणं. सुभेदारकाकांना विचारलं, किती दिवस लागतील?

“दिवस?” काका म्हणाले. “स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षाचं माझंच अजून यायचंय.”